झाकलेले बीज, उघडे बीज आणि आंब्याचा मोहोर



ईदच्या आदल्या रात्री घरोघरी शिरखुर्म्याचा सुकामेवा निवडला जातो. खारीक, बदाम, पिस्ते, चारोळी, मनुका आणि हात थोडा सैल असेल तर मूठभर चिलगोजे. या ताटातील इतर सर्व जिनसा एका घराण्यातल्या असून चिलगोजा तेवढा वेगळ्या घराण्यातला आहे, असे कोणी म्हटले तर आपल्याला नवल वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे. खारकेचा आपण गर खातो व बी टाकतो; तो गर म्हणजे फळ. बदामाचे उलट आहे. झाडावर त्याच्याभोवती हिरवे, लवदार साल असते, ते वाळून फुटते आणि आत कठीण कवच व त्यात बी मिळते. पिस्ता आणि चारोळीही अशाच फळाच्या पोटातून काढलेल्या बिया आहेत. मनुका तर अख्खे फळच. चिलगोज्याला मात्र फळ कधी नव्हतेच. किन्नौरच्या, अफगाणिस्तानच्या आणि बलुचिस्तानच्या डोंगरांत वाढणाऱ्या एका चीडवृक्षाच्या लाकडी शंकूत, खवल्यांच्या मधोमध, ते बी उघडेच बसलेले असते. त्याचे जे कवच आपण दातांनी फोडतो, ते त्या बीचेच साल आहे.

शाळेच्या पुस्तकात याच भेदाला आवृत्तबीजी आणि अनावृत्तबीजी वनस्पती अशी नावे दिली आहेत. आवृत्त म्हणजे झाकलेले, अनावृत्त म्हणजे उघडे. ज्या झाडांना फूल येते, त्यांचे बीज फुलाच्या अंडाशयात बंदिस्त वाढते आणि तो अंडाशयच पुढे फळ होतो. ज्यांना फुलाऐवजी शंकू येतो, त्यांचे बीज खवल्यावर उघडे असते. पृथ्वीवर फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे तीन लाख जाती आहेत. उघड्या बीजाच्या हजाराच्या आसपास. पण संख्येवर जाऊ नका. हिमालयाच्या उतारांवरील देवदार व चीड यांची अरण्ये आणि उत्तरेकडील थंड देशांतील अफाट वने याच हजारातल्या काही जातींनी उभी केली आहेत.

धर्मशिक्षणाच्या मासिकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. अल्लाहच्या निर्मितीत त्याच्या निशाण्या पाहण्याचा आदेश पवित्र कुरआनात वारंवार आला आहे, हे उत्तर आपणास ठाऊकच आहे. परंतु माझ्या मनात आणखी एक कारण आहे व ते व्यवहाराचे आहे. मदरशात आम्ही हदीस आणि फिकहचे ग्रंथ शिकतो, तेव्हा खरेदी-विक्रीच्या प्रकरणात झाडावरील फळांच्या विक्रीचा स्वतंत्र अध्याय येतो. फूल केव्हा धरले, फळ केव्हा बनले, ते केव्हा वाचले, या प्रश्नांवर तिथले हुकूम उभे आहेत. फुलापासून फळापर्यंतची वाट ज्याला माहीत नाही, त्याला हा अध्याय केवळ पाठ करता येतो. आणि कोकणात आंब्याची कलमे सांभाळणाऱ्या आपल्या शेकडो कुटुंबांच्या बाबतीत हा अध्याय दरवर्षी मोहोरासोबत दारात येऊन उभा राहतो.

प्रथम चीडवृक्ष पाहू, कारण त्याची रीत साधी आहे. एकाच झाडावर दोन प्रकारचे शंकू येतात. नर शंकू लहान, मऊ व घोसाने येतात. त्यांतून वसंतात पिवळी भुकटी उडते. हे परागकण. प्रत्येक कणाला दोन बाजूंना हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे तो वाऱ्यावर दूरवर तरंगतो. मादी शंकू हे आपण शोभेसाठी घरी आणतो ते लाकडी फूल. पण परागणाच्या वेळी ते कोवळे आणि अगदी छोटे असते. त्याच्या प्रत्येक खवल्याच्या वरच्या बाजूला दोन बीजांडे उघडी असतात. बीजांडाच्या तोंडाशी एक चिकट थेंब जमतो. वाऱ्याने आलेला कण त्या थेंबात अडकतो, थेंब आत ओढला जातो आणि कणही आत जातो. मग खवले मिटतात. यानंतर घाई कशी ती नाही. परागनलिका इतकी सावकाश वाढते की परागण आणि फलन यांच्यामध्ये साधारण एक वर्ष जाते. बी पिकून शंकू पुन्हा उघडेपर्यंत दुसरे वर्ष सरत येते. बहुतेक चीडवृक्षांच्या बीला पातळ पंख असतो व ते वाऱ्यानेच दूर जाऊन पडते.

वाऱ्याचा उल्लेख आला आहे म्हणून सांगतो. सूरह अल-हिज्रच्या बाविसाव्या आयतीत वाऱ्यांना ‘लवाकिह’, म्हणजे फलधारणा घडवणारे, असे म्हटले आहे. जुन्या तफसीरकारांनी तिथे ढगांचा उल्लेख केला आहे आणि झाडांचाही. आयतीत लगेच पुढे आकाशातून पाणी उतरवण्याची गोष्ट येते, म्हणून ढगांचा अर्थ संदर्भाला अधिक जवळचा आहे. काही वक्ते या एका शब्दातून वनस्पतिशास्त्राचा संपूर्ण धडा काढून दाखवतात. मला ती रीत पसंत नाही. कुरआन मार्गदर्शनासाठी उतरले आहे. आज एखादा सिद्धांत आयतीला चिकटवायचा आणि उद्या सिद्धांत बदलला की तरुणांच्या मनात आयतीविषयीच शंका निर्माण करायची, यात कोणाचे हित आहे? जोड्यांविषयीच्या आयतींचेही तेच. निर्मितीत जोड्या आहेत हे सत्य आहे, पण म्हणून प्रत्येक झाड नर किंवा मादी असलेच पाहिजे असा अर्थ कोणी मुफस्सिर काढत नाही. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात आणि आपल्या परसातली केळ बीजाविना, बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांनीच वाढते.

इथे डोळ्यांना फसवणारी काही उदाहरणे सांगून टाकतो, कारण मुले हमखास विचारतात. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत. सुरूची सुईसारखी हिरवी काडी आणि लाकडी, शंकूसारखे बोंड पाहून ते चीडाचेच भावंड वाटते. प्रत्यक्षात सुरू हे फुलणारे झाड आहे. त्याची फुले अगदी बारीक असतात आणि ते ‘शंकू’ म्हणजे अनेक छोट्या फळांचा एकत्र जुडगा. याच्या उलट युनानी औषधांत ‘अबहल’ नावाने येणारी निळसर काळी गोळी फळासारखी दिसते, पण ती आहे शंकूच. तिचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले असतात. तिसरा काजू. बोंडूच्या बाहेर लटकणारी बी पाहून तिला उघडे बीज म्हणण्याचा मोह होतो. वास्तविक ती बी म्हणून आपण जे पाहतो तेच काजूचे खरे फळ आहे, तिचे तेलकट कवच हीच अंडाशयाची भिंत. बोंडू म्हणजे फुलाचा फुगलेला देठ.

आता फुलणाऱ्या झाडांकडे वळू. इथे बीजांड अंडाशयात बंद असल्यामुळे परागकण थेट त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. तो कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर पडतो. तिथे त्याची एक प्रकारे तपासणी होते. परक्या जातीचा कण बहुधा रुजत नाही. काही झाडे तर स्वतःचाच परागही नाकारतात. ज्याला परवानगी मिळते त्याची नलिका कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि बीजांडात शिरते. चीडाला ज्या कामासाठी वर्ष लागते ते इथे बहुधा काही तासांत किंवा काही दिवसांत उरकते.

या नलिकेतून दोन पुंयुग्मके जातात. एक अंडपेशीशी एकरूप होते व त्यातून गर्भ तयार होतो. दुसरे वाया जात नाही. ते मध्यभागी असलेल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून गर्भाचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतो. याला द्विफलन म्हणतात. १८९८ साली सेर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने लिलीवर्गीय फुलांत हे प्रथम दाखवले. चीडाच्या बीजातही अन्नसाठा असतो, चिलगोज्याचा जो गर आपण खातो तो बहुतांशी तोच. पण तो साठा फलन होण्यापूर्वीच तयार होऊ लागलेला असतो. फुलणाऱ्या झाडात गर्भ धरला तरच कोठार भरायला लागते. गहू, तांदूळ, ज्वारी यांचा पिठूळ भाग म्हणजे हेच कोठार. शहाळ्यातले पाणी आणि नारळाचे खोबरे हाही भ्रूणपोषच. माणसाच्या रोजच्या जेवणाचा मोठा भाग एका रोपट्याच्या बाळासाठी ठेवलेल्या शिदोरीतून येतो. बदामात, काजूत किंवा आंब्याच्या कोयीत ही शिदोरी गर्भाने आधीच आपल्या दोन दळांत ओढून घेतलेली असते, म्हणून ती बी मधोमध दुभंगते.

सूरह अल-अनआमच्या पंचाण्णवाव्या आयतीत अल्लाहला दाणा आणि आठोळी दुभंगणारा म्हटले आहे. दाणा आणि आठोळी, ‘हब्ब’ आणि ‘नवा’, हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. रमजानमध्ये इफ्तारच्या खजुराची बी फेकण्यापूर्वी एकदा मुलांच्या हातावर ठेवा. तिच्या एका अंगाला लांब खाच असते. त्या खाचेतील धाग्याला अरबीत ‘फतील’ म्हणतात. बीवर जी पातळ पापुद्र्यासारखी त्वचा असते ती ‘कितमीर’. आणि पाठीमागे, बरोबर मधोमध, सुईच्या टोकाएवढा एक ठिपका असतो, तो ‘नकीर’. कुरआनात हे तिन्ही शब्द क्षुल्लकातल्या क्षुल्लक वस्तूसाठी आले आहेत: कुणावर एवढासाही अन्याय होणार नाही, अल्लाहखेरीज ज्यांना हाक मारली जाते ते एवढ्याशाचेही मालक नाहीत. अरबांच्या मुठीत रोज असणारी वस्तू होती, म्हणून दाखला मनात लगेच उतरे. त्यातल्या नकीरविषयी वनस्पतिशास्त्र एवढेच सांगते की खजुराचा इवलासा गर्भ त्या ठिपक्याच्या मागे असतो आणि कोंब तिथूनच बाहेर पडतो. बाकी सगळी कठीण बी म्हणजे त्याची शिदोरी.

खजुरीत नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे. आपल्याकडची शिंदी तिची जवळची नातेवाईक असून तिच्यातही असेच असते. दोन्ही झाडांना जाड म्यानातून तुरे येतात. कुरआनात याच तुऱ्याला ‘तलअ’ म्हटले आहे. वाऱ्याने थोडेफार परागण होते, पण बागेत त्यावर विसंबून चालत नाही. म्हणून हजारो वर्षांपासून माणूस झाडावर चढून नराच्या तुऱ्यातील काही काड्या मादीच्या तुऱ्यात खोचत आला आहे. एका नरावर साधारण पन्नास माद्यांचे काम भागते. बीपासून खजूर लावली तर जवळपास निम्मी झाडे नर निघतात आणि हे कळायला काही वर्षे जातात. म्हणून बागाईतदार मादी झाडाच्या बुडाशी फुटणारे फुटवेच लावतात, जसे आपण हापूसची कोय न लावता कलम बांधतो.

अरबीत या परागणाला ‘तअबीर’ म्हणतात आणि त्याविषयीची हदीस सहीह मुस्लिममध्ये अनेक सहाबांकडून आली आहे. मदीनेत लोक झाडांवर चढून हे काम करीत असताना प्रेषित मुहम्मद (स.) तेथून गेले. काय चालले आहे असे विचारल्यावर लोकांनी सांगितले, नराचा तुरा मादीत घालीत आहोत. आपण (स.) म्हणालात की याने काही लाभ होत असेल असे मला वाटत नाही. लोकांनी ते काम सोडून दिले. पीक बिघडले. हे कळले तेव्हा आपण (स.) स्पष्ट सांगितले की ते केवळ माझे अनुमान होते, फायदा होत असेल तर अवश्य करा, अनुमानावर मला धरू नका, मात्र अल्लाहकडून काही सांगेन तेव्हा ते स्वीकारा. आणि दुनियेच्या अशा कामांची माहिती तुम्हाला अधिक आहे, असेही एका कथनात आले आहे.

हजरत आयशा (रजि.) आणि हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात त्या वर्षीच्या फळासाठी एक नेमका शब्द आला आहे, ‘शीस’. आमच्या उस्तादांनी त्याचा अर्थ ‘निकृष्ट खजूर’ असा सांगितला होता व तो बरोबरच आहे. पण खजुरीच्या बागांत आजही हा शब्द चालतो आणि त्याचा अर्थ याहून नेमका आहे. खजुरीच्या मादी फुलात तीन कप्पे असतात. परागण झाले तर त्यातला एकच वाढतो, बाकीचे दोन गळतात आणि एक भरदार खजूर मिळतो. परागण झाले नाही, तर कित्येकदा तिन्ही कप्पे तसेच थोडेथोडे वाढतात. त्यात बी नसते, गर भरत नाही, गोडी येत नाही. हेच शीस. म्हणजे हदीसच्या रावींनी जे पाहिले ते त्याच शब्दात जपून ठेवले.

या हदीसचा दोन बाजूंनी गैरवापर होतो. काहीजण हिच्या आधारे म्हणतात की व्यापार, करार, व्याज, वारसा हे सर्व दुनियेचे व्यवहार, त्यात धर्माने बोलू नये. दुसरे काहीजण हिचा उल्लेखच टाळतात, जणू तिने प्रेषितांच्या (स.) थोरवीला बाध येतो. इमाम नववी (रह.) यांनी सहीह मुस्लिममध्ये या अध्यायाला दिलेले शीर्षकच दोघांना पुरेसे आहे: शरीअत म्हणून सांगितलेल्याचे पालन अनिवार्य, उपजीविकेच्या बाबतीत केवळ मत म्हणून सांगितलेल्याचे तसे नाही. खजुरीचे फूल कसे धरते हे पाहून, प्रयोग करून कळणारे ज्ञान आहे, ते मदीनेच्या शेतकऱ्यांपाशी होते आणि प्रेषितांनी (स.) ते त्यांच्या स्वाधीन केले. त्या फळाचा सौदा कधी करावा हा मात्र न्यायाचा प्रश्न आहे, आणि तिथे आपण (स.) अनुमानाने बोललेले नाहीत.

तेव्हा त्या सौद्याकडे येऊ. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे एक कथन सहीह बुखारीत आहे. लोक झाडावरची फळे आधीच विकून टाकत. तोडणीची वेळ आली, पैसे मागायला माणूस आला, की घेणारा म्हणे, फळाला ‘दुमान’ लागला, ‘मुराद’ लागला, ‘कुशाम’ झाला. भांडणे वाढली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की फळाची पक्वता दिसू लागेपर्यंत विकू नका. या तीन शब्दांपैकी दुमान म्हणजे तुरा किंवा फळ काळे पडून कुजणे, मुराद म्हणजे रोग आणि कुशाम म्हणजे फळ पिकण्याआधीच गळून पडणे. भुरी, करपा आणि फळगळ यांना तोंड देणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या बागाईतदाराला याचे भाषांतर करून द्यावे लागणार नाही. स्वतः हजरत जैद (रजि.) आपल्या बागेचे फळ पहाटे कृत्तिका उगवू लागेपर्यंत विकत नसत, तोवर पिवळे कोणते आणि लाल कोणते हे स्पष्ट दिसू लागे.

आता आंब्याचा मोहोर पाहा. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारावर फुले असतात. त्यातली बहुतेक नुसती नरफुले. त्यांना अंडाशयच नसतो, म्हणजे त्यांच्यापासून फळ होणे मुळातच शक्य नाही. उरलेल्या द्विलिंगी फुलांत एक स्त्रीकेसर आणि बहुधा एकच कामाचा पुंकेसर. पराग चिकट असल्यामुळे वारा फारसा उपयोगी पडत नाही, तो वाहण्याचे काम माश्या आणि मधमाश्या करतात. (ऐन फुलोऱ्यात विचार न करता फवारणी करणारे तुडतुड्यांबरोबर आपल्या या मजुरांनाही मारतात.) फलन झाल्यावर वाटाण्याएवढे फळ धरते आणि तिथून गळ सुरू होते. वाटाण्याएवढी गळतात, सुपारीएवढी गळतात. शेवटी शंभर फुलांमागे एकही आंबा हाती येत नाही, आणि त्या वर्षी अवकाळी पाऊस आला किंवा भुरी पडली तर तुराच्या तुरा काळा पडतो.

अशा मोहोराकडे बोट दाखवून ‘यंदाची बाग इतक्या लाखांना’ असा सौदा करणे म्हणजे काय विकणे? ज्या फुलातून फळ होणारच नाही तेही त्यात आले आणि जे होऊ शकेल ते अजून झालेले नाही. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात प्रेषितांचा (स.) प्रश्न आहे की अल्लाहने फळच रोखले, तर तुम्ही आपल्या भावाचा पैसा कशाच्या मोबदल्यात घेणार? मोहोरावर उचल घेतलेली, मग पीक बुडालेले, एकाकडे पैसे आहेत पण ते खर्चून झाले, दुसऱ्यावर कर्ज आहे, आणि एका मोहल्ल्यातली दोन घरे ईदलाही एकमेकांकडे जात नाहीत, असे प्रकार आपण सर्वांनी ऐकले आहेत. उलटही घडते. पीक भरघोस येते आणि मोहोरावर स्वस्तात बाग देऊन बसलेला मालक हात चोळत राहतो.

म्हणून फुकहांनी केलेले टप्पे ध्यानात ठेवावेत. जे फळ अजून अस्तित्वातच आले नाही, त्याची विक्री कोणत्याही मजहबात दुरुस्त नाही. यात निव्वळ मोहोर आला आणि पुढच्या तीन-चार वर्षांच्या पिकाचा एकदम केलेला सौदाही आला, हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये अनेक वर्षांच्या फळांची विक्री स्पष्टपणे मना केली आहे. फळ धरले, पण पक्वता दिसली नाही, अशा वेळी लगेच तोडून नेण्याच्या अटीवर विकता येते. लोणच्यासाठी कैरी अशीच विकली जाते. तेच फळ झाडावर पिकेपर्यंत ठेवण्याच्या अटीवर विकणे दुरुस्त नाही. कोणतीच अट न घालता विकले, तर शाफिई मजहबात, ज्यावर कोकणातील आपले बहुसंख्य बांधव आहेत, ती विक्री होत नाही. हनफी मजहबात होते, परंतु घेणाऱ्याला फळ तोडावे लागते, मालकाने नंतर आपखुशीने राहू दिले तर गोष्ट वेगळी. पक्वता दिसल्यानंतर विकावे, हा सर्वांत निर्धोक मार्ग.

झाडे किंवा जमीनच विकायची असेल, तर तिथेही हीच वाट उपयोगी पडते. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या हदीसनुसार तअबीर झाल्यानंतर खजुरी विकल्या, तर त्या वर्षीचे फळ विकणाऱ्याचे, घेणाऱ्याने आधी अट घातली असेल तर घेणाऱ्याचे. परागण ही एक नेमकी, पाहता येणारी घटना आहे. मालकीची रेषा तिच्यावर आखली गेली. चीडाच्या झाडावर दोन-दोन वर्षांचे शंकू एकाच वेळी लटकत असतात, तिथे ही रेषा इतकी स्वच्छ आखताच आली नसती.

मोहोराच्या वेळी पैशाची खरीच निकड असेल, खते-औषधांचा खर्च झेपत नसेल, तर वाटेकरीचा मार्ग आहे. खैबरच्या बागा प्रेषितांनी (स.) तिथल्या लोकांना निम्म्या उत्पन्नावर मशागतीसाठी दिल्या होत्या. यात ठरावीक रक्कम कोणी कोणाला देणे लागत नाही. मेहनत एकाची, झाड दुसऱ्याचे, जे येईल त्यात ठरलेला हिस्सा. फळ आले नाही तर दोघांचेही आले नाही. इमाम शाफिई (रह.) यांच्या नंतरच्या मतात हा करार खजूर व द्राक्षांपुरता आहे आणि जुन्या मतात सर्व फळझाडांना लागू आहे, हनफींमध्ये इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मतावर फतवा असून त्यानुसार तो जायज आहे. कागद करण्यापूर्वी आपल्या भागातील मुफ्तींना मसुदा दाखवावा.

राहिला प्रश्न पक्वतेचा. खजूर लाल-पिवळा होतो, हापूस मात्र आपण झाडावर पिवळा होऊ देत नाही. कोय तयार झाली, देठाकडचा खांदा भरला की उतरवून आढीत घालतो. फुकहांनी पक्वतेचा अर्थ ‘ज्या उपयोगासाठी ते फळ असते त्या उपयोगाला येणे’ असा घेतला आहे, आणि हनफी ग्रंथांत ‘रोगराईतून वाचणे’ असाही. या दृष्टीने आढीत पिकण्याजोगा झालेला आंबा पक्व धरावा, असे माझे मत आहे. आपल्या मराठीत यासाठी तयार शब्दच आहे, पाड. बागेत पाड लागला की ही वेळ आली. प्रत्येक कलमाला पाड लागण्याची वाट पाहावी लागत नाही. शाफिई ग्रंथांत स्पष्ट आहे की एका बागेत एकाच जातीच्या काही फळांत पक्वता दिसली, तर त्या जातीचे सर्व फळ एका सौद्यात विकता येते. मात्र काजू, कोकम किंवा फणस याच बागेत असतील, तर त्यांचा सौदा आंब्याच्या पाडावर होत नाही; त्यांची वेळ त्यांच्याच फळांत पाहावी लागते.